सी-८१ : तेव्हा दीड पौंड आणि दोन कुपनं, आता बावीस पौंड

मिरजेत आमच्या अप्पांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवर ‘दुरुस्ती’ हे मोठ्या अक्षरांत, आणि खाली बारीक, ‘येथे कॅसेट भरून मिळेल’. घर चालायचं ते त्या बारीक ओळीवर. लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणत, साठची की नव्वदची ते सांगत आणि दोन दिवसांनी न्यायला येत. अप्पा प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं-सेकंद लिहून बेरीज मांडायचे. बाजू संपताना गाणं अर्ध्यात तुटलं तर तो त्यांना स्वतःचा अपमान वाटे. आणि शेवटी थोडी फीत उरलीच, तर तिथे यादीत नसलेलं, त्यांच्या पसंतीचं एखादं गाणं टाकायचे. फुकट. गिऱ्हाइकाने विचारलंच तर म्हणायचे, “जागा उरली होती.”

हे आधी सांगितलं, कारण ज्या वस्तूबद्दल लिहायला बसलेय ती अशीच भरलेली कॅसेट आहे. फक्त ती मिरजेत नाही, लंडनमध्ये भरली गेली, १९८१ साली. नाव सी-८१. एनएमई हे तिकडचं संगीत-साप्ताहिक आणि रफ ट्रेड ही रेकॉर्ड कंपनी या दोघांनी मिळून काढलेली. कोऱ्या कॅसेटवर सी-६०, सी-९० असं लिहिलेलं असायचं, म्हणजे एकूण मिनिटं. इथे ८१ हे वर्षही आणि लांबीही जवळपास तेवढीच, असा दुहेरी विनोद. दोन्ही बाजू मिळून पंचवीस तुकडे. साप्ताहिकातली दोन कुपनं कापायची, दीड पौंड जोडायचा, टपालाने पाठवायचं आणि वाट बघायची. आमच्या खात्यातले एक साठीचे गृहस्थ सांगतात की त्यांनी दुसरं कुपन भावाच्या अंकातून त्याला न विचारता कापलं होतं. भाऊ अजून बोलून दाखवतो.

मी ग्लासगोजवळ ईस्ट किलब्राइडला राहते. ही कॅसेट मला एका रविवारच्या जुन्या बाजारात मिळाली, बावीस पौंडांना. आत जी माहितीपुस्तिका यायची ती नव्हती. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, “वाजवून बघितलीय.” मी दुकानदाराची मुलगी असून तिथल्या तिथे पुढची खिडकी निरखून बघितली नाही, ही माझी चूक. घरी येऊन बघते तर प्रेशर पॅड जागेवर नाही. फीत हेडला दाबून धरणारा तो नखाएवढा फेल्टचा तुकडा. चाळीस वर्षांत त्याचा गोंद वाळून जातो आणि तो डबीत कुठेतरी खुळखुळत बसतो. त्याच्याशिवाय कॅसेट वाजते, पण गाणं उशीत तोंड खुपसून म्हटल्यासारखं येतं. असल्या अवस्थेत कोणी ‘वाजवून’ बघितली असेल तर त्याचे कान तपासायला हवेत.

अप्पांना व्हिडिओ कॉल लावला.

“काय करायलीस एवढ्या रात्री?”

“अप्पा, कॅसेटचा पॅड गेलाय. डबीला स्क्रू नाहीत, चिकटवलेली आहे.”

“मग उघडू नको, तडकंल. दुसऱ्या कुठल्यातरी कॅसेटचा काढ आणि पुढूनच चिमट्यानं बसव. गोंद टाचणीच्या डोक्याएवढा. फितीला लागला तर संपलं.”

एका भाषणांच्या कॅसेटचा बळी दिला. भुवयांचा चिमटा, टाचणी, श्वास रोखून दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी लावली तर आवाज आला, पण दबका. पुन्हा अप्पा. त्यांनी फोनवरून दोन सेकंद ऐकलं आणि म्हणाले, “हेडशेजारचा स्क्रू फिरव. केसभर. खसखस मोकळी झाली की थांब.” फिरवला. झांजेवरचं मळभ हटलं आणि गिटारची तार खोलीत आली. (ज्यांच्याकडे एकच टेप आहे त्यांनी हा उद्योग करण्याआधी स्क्रूची मूळ जागा खुणेने लक्षात ठेवावी. नाहीतर बाकीच्या सगळ्या कॅसेटी दबक्या होतात.)

आता गाण्यांकडे.

पहिलंच गाणं स्क्रिटी पॉलिटी या मंडळींचं. नाव इटालियन विचारवंत ग्राम्शीच्या लेखनावरून बेतलेलं, राजकारण डावं, राहणं लंडनमधल्या एका बळकावलेल्या रिकाम्या घरात. १९७८ च्या आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांनी ती काढायला आलेला खर्च कलमवार छापला होता: अमुक स्टुडिओचे, अमुक छपाईचे. तुम्हीही काढू शकता, हा हिशेब घ्या, असा त्याचा अर्थ. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा या लोकांबद्दल आदराने बोलले. पण सी-८१ वरचं ‘द स्वीटेस्ट गर्ल’ ऐकताना त्या हिशेबी खडबडीतपणाचा मागमूस नाही. रेगे या जमैकाच्या संगीताच्या झोक्यावर चाललेला यंत्राचा ठेका, त्यावर ग्रीन गार्टसाइडचा साखरेत घोळलेला आवाज आणि मागे कीबोर्ड. तो कीबोर्ड ऐकण्यासारखा आहे. गाणं सरळ वाटेने चाललेलं असतं आणि तो शेजारच्या गल्लीतून, जरा उशिराने, भलत्याच दाराशी थांबत येतो. वाजवणारा रॉबर्ट वायट. एकेकाळचा नामांकित ड्रमर. १९७३ साली खिडकीतून पडला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. पाय गेले तसं पायाने वाजवायचं वाद्य सुटलं. मग गाणं आणि कीबोर्ड.

आणि भरणाऱ्यांची हुशारी बघा: ए बाजू सुरू होते वायटच्या बोटांनी आणि संपते वायटच्याच गाण्यावर. शेवटचं ‘बॉर्न अगेन क्रेटिन’ वरवर गुणगुण वाटावी असं आहे, आत मात्र मंडेलांना तुरुंगात सडू देणाऱ्यांच्या नावाने पाजळलेला उपरोध. १९८१ मध्ये मंडेलांची सुटका नऊ वर्षं दूर होती. चाळीस मिनिटांत एवढा गलबला ऐकवून शेवटी तोच माणूस परत दारात आणून उभा करणं हे बेरीज मांडणाऱ्याचं काम. ते केलं एनएमईच्या रॉय कार यांनी आणि रफ ट्रेडच्या क्रिस्टोफर रोझ यांनी.

निमित्त होतं रफ ट्रेडच्या पाच वर्षांचं. जेफ ट्रॅव्हिसने १९७६ साली पश्चिम लंडनमध्ये लॅडब्रोक ग्रोव्हच्या बाजूला रेकॉर्डचं दुकान काढलं, दोन वर्षांनी त्यातूनच कंपनी निघाली. पंक या रांगड्या, मोजक्या सुरांच्या रॉकची पहिली आरडाओरड ओसरल्यावर जे उरलं, ज्यांना तीन सूर येत होते आणि आता चौथा शोधायचा होता, त्यांचं हे घर. कोणी फंक उचललं, कोणी रेगे, कोणी जर्मन यंत्रं, कोणी नुसतेच तुटक बोलले. पोस्ट-पंक हे नाव त्या सगळ्यांना मिळून, कारण दुसरं काहीच त्यांच्यात सारखं नव्हतं. तुमच्या गावातले ‘नवकवी’ आठवा, तसंच काहीसं.

कॅसेटचा क्रमांक होता कॉपी ००१. त्याच वर्षी ब्रिटनच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने मोहीम काढली होती, घरी बसून कॅसेट भरल्याने संगीत मरतंय अशी. चिन्ह म्हणून कवटीच्या जागी कॅसेट आणि खाली आडवी हाडं. एकीकडे ती हाडं आणि दुसरीकडे हे उघड ‘कॉपी ००१’ छापतायत. मला हे फार आवडलं. अप्पांना विचारलं, तुम्हाला कधी असं वाटलं का, की आपण संगीत मारतोय? ते म्हणाले, “आम्ही तर जगवत होतो. ज्याला रेकॉर्ड परवडत नाही त्यानं ऐकायचंच नाही काय?” कायद्याचा मुद्दा त्यांनी बाजूला ठेवला आणि मीही ठेवला.

ए बाजूवर मधल्या भागात कठीण चढ आहेत. कॅबरे व्होल्टेअर हे शेफील्डचे, पोलादाच्या गावचे, आणि ऐकू येतंही तसंच, कारखान्याच्या भिंतीपलीकडून. त्याला लागून जर्मनीचे डीएएफ. मग फ्युरियस पिग: दीड मिनिट नुसते गळे, वाद्य नाही, डुकरांच्या गोठ्यात भजनी मंडळ शिरावं तसं. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं फीत गुंतली. खरंच थांबवून पेन्सिल शोधायला उठले. दहाव्यांदा ऐकतानाही आवडलं नाही, पण आता वाट बघते त्याची, कारण त्यानंतर स्पेशल्सचे दोन मिनिटं येतात ती आंघोळ केल्यासारखी वाटतात. बटण दाबून पुढे पळता येत नाही, म्हणून हा हिशेब जमतो. पुढे पळवायची तर अंदाजाने, आणि अंदाज चुकला की परत मागे. अशाने बॅटरी जाते. माणूस मुकाट्याने ऐकतो.

पंकवाले बझकॉक्स आणि ग्लासगोचे ऑरेंज ज्यूस एकाच बाजूवर आहेत याची एक गंमत आहे. बझकॉक्सच्या एका सुरुवातीच्या गाण्यात गिटारवादनाचा भाग फक्त दोन सुरांचा होता. वाजवता येत नाही याचाच झेंडा. सी-८१ नंतर दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, ऑरेंज ज्यूसचं ‘रिप इट अप’ ब्रिटनच्या खपाच्या यादीत आठव्या क्रमांकाला पोचलं, त्यात त्यांनी ते दोन सूर सलाम ठोकून वाजवले. सी-८१ च्या वेळी मात्र हे पोरगे आठव्या क्रमांकाच्या जवळपासही नव्हते. कॅसेटवरचं त्यांचं ‘ब्लू बॉय’ अगदी घाईचं आहे. गिटार इतकी भरभर खाजवलीय की तार तुटेल. त्यांचा गायक एडविन कॉलिन्स सुराच्या जरासा खालून गातो आणि गाता गाता आपल्याच गाण्याला हसतोय की काय असं वाटतं. अप्पांनी दोन ओळी ऐकून निकाल दिला, “हा सुरात न्हाई गं.” मी म्हटलं, नसू दे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत लहानपण गेलेल्या बाईने हे म्हणावं! पण खरंच नसू दे. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तार टेकते त्या घोडीची घडण, उघडी असते तेव्हा एकाच तारेतून दहा तारा बोलतात. या लोकांनी गिटारची जवारी जणू मुद्दाम बंद केलीय. कोरडा, बारीक, आखूड आवाज. आणि त्या कोरडेपणात शब्द असे स्वच्छ दिसतात, की मग मला ती उघडी तार नकोच वाटते. त्या दिवसापुरती.

ऑरेंज ज्यूस पोस्टकार्ड या कंपनीचे. कंपनी म्हणजे अॅलन हॉर्न या तरुणाची राहती खोली, ग्लासगोतल्या वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवर १८५ क्रमांकाला. चिन्ह होतं ढोल वाजवणारं मांजर. एका शनिवारी वॉकमनमध्ये हीच कॅसेट घालून मी तिथवर चालत गेले. वाळूच्या दगडाची तीन-चार मजली घरं, ओळीने, एकासारखं एक, दारात सायकली आणि कचऱ्याचे रंगीत डबे. बघायला काहीही नाही. पाऊस होता, तो इथे सांगायची गोष्ट नसते. पण इथून, एका कपाटाच्या आधाराने चाललेल्या कंपनीचे तीन गट त्या लंडनच्या कॅसेटवर गेले: ऑरेंज ज्यूस, एडिनबरोचे जोसेफ के आणि अॅझ्टेक कॅमेरा. पंचवीसातले तीन, एका भाड्याच्या खोलीतून. मी दाराचा फोटो काढला. एका आजींनी मला घरदलाल समजून विचारलं, वरची जागा रिकामी आहे का.

बी बाजू मला जास्त आवडते, आणि का ते मला नीट कळायला महिना लागला. सुरुवात रेनकोट्सची. लंडनमधल्या बायका, व्हायोलिन आणि गिटार एकमेकांना वाट देत, अडखळत, परत सावरत. ताल असा, की चार मैत्रिणी बोलत बोलत जिना उतरतायत आणि एकीची चप्पल निसटते. मग जोसेफ के. काफ्काच्या नायकाचं नाव लावून फिरणारे, कोट-टायमधले, अडीच मिनिटांत कोरडे खडाखड आटोपतात. यांचा पहिला अल्बम तयार होऊन त्यांनाच न आवडल्याने रद्द झाला, दुसऱ्यांदा केला तो आला आणि त्याच वर्षी गट मोडला. ब्लू ऑर्किड्स आणि व्हर्जिन प्रून्स यांच्याविषयी माझं म्हणणं एवढंच, की एक ऐका आणि दुसऱ्याच्या वेळी चहा टाका. कोणतं कुठे ते तुम्ही ठरवा.

आणि मग ‘वी कुड सेंड लेटर्स’. ईस्ट किलब्राइड हे १९४७ साली कागदावर आखून वसवलेलं शहर. चक्रीचौक इतके, की लोक त्याला पोलो मिंटचं गाव म्हणतात. नऊ वर्षं राहतेय, त्याविषयी कोणी सुंदर बोललेलं मी ऐकलं नव्हतं. अॅझ्टेक कॅमेराचा रॉडी फ्रेम इथला. १९६४ चा जन्म, म्हणजे हे रेकॉर्ड केलं तेव्हा सोळा-सतरा. एकटी अकूस्टिक गिटार, जॅझमधून उचललेले स्वर आणि पत्रं पाठवत राहू असं म्हणणारा आवाज. पाच मिनिटं. आमच्याकडून ग्लासगोला ट्रेनने जेमतेम अर्धा तास, त्यामुळे सकाळी ए बाजू प्लॅटफॉर्मवर सुरू करून वायटपर्यंत ऑफिसच्या जिन्यात पोचते आणि संध्याकाळी बी बाजूचं हे गाणं बरोबर त्या वळणावर येतं जिथून शहराचे दिवे मागे पडतात. सोळाव्या वर्षी एवढं येत असेल, तर बाकीचं आयुष्य त्या माणसाने काय करावं, असा प्रश्न मला त्या वळणावर रोज पडतो. तो पुढेही छान लिहीत राहिला, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर कॅसेट भलतीकडेच वळते. रेड क्रेओला, मग लिंक्स. लिंक्स म्हणजे लंडनचे कृष्णवर्णीय तरुण, चकचकीत फंक, नाचायचं संगीत. त्याच वर्षी त्यांचं एक गाणं पहिल्या दहात होतं. सी-८१ चा गिऱ्हाईक म्हणजे ओव्हरकोट घालून खिन्न बसणारा पोरगा, त्याला नकोसं वाटेल असंच हे. पुढे अमेरिकेचा जेम्स ब्लड अल्मर, गिटारमधून जॅझ पिळून काढणारा. मग इयन ड्युरी, मग जिस्ट, मग सबवे सेक्ट. त्यातला व्हिक गोडार्ड १९७६ च्या पंक-मेळ्यात होता आणि नंतर पोस्टमन झाला. १९८१ हे लंडनचं ब्रिक्स्टन आणि लिव्हरपूलचं टॉक्स्टेथ दंगलींनी पेटलेलं वर्ष, बेकारी तीस लाखांकडे चाललेली. त्या वर्षी कोणीतरी ठरवलं, की त्या ओव्हरकोटवाल्या पोराच्या एकाच कॅसेटवर ही सगळी माणसं शेजारी शेजारी बसवायची. भाषण न करता. पाच वर्षांनी याच साप्ताहिकाने सी-८६ काढली, बावीस गाण्यांची. प्रसिद्ध तीच झाली, तिच्या नावाने एक अख्खी शैली ओळखली जाते. माझ्याकडे तीही आहे. चांगली आहे, पण एका रंगाच्या पोशाखातलं वऱ्हाड आहे ते. इथे मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट गल्ली आलीय.

आणि अगदी शेवटी, सगळं संपल्यावर, सॅलफर्डचा कवी जॉन कूपर क्लार्क तेरा सेकंद येतो आणि जातो. ‘एटीवन मिनिट्स’. अप्पांना तेवढंच ऐकवलं. भाषा कळली नाही, पण त्यांनी मान डोलावली. “जागा उरली होती,” म्हणाले.

घ्यायची असेल तर: पुढच्या खिडकीत पॅड आहे का बघा, फीत करकरीत की पिठूळ ते बघा, पुस्तिकेसह असेल तर जास्त पैसे द्या. आवाजात खसखस राहणारच. अशा कॅसेटी कारखान्यात मूळ वेगाच्या कितीतरी पट भरधाव वेगाने भरल्या जात. बावीस पौंड हे माझ्या मते पाच पौंडांनी महाग होते. पण ते पाच पौंड मी पुस्तिकेचे कापतेय, गाण्यांचे नाही.

आणि एक गोष्ट वरच्या कडेची. छापील कॅसेटला पुसलं जाऊ नये म्हणून तिथे दोन भोकं मोकळी सोडलेली असतात. माझ्या कॅसेटवर बी बाजूचं भोक कोणीतरी चिकटपट्टीने बुजवलेलं होतं. लिंक्सच्या गाण्याची पहिली मिनिटभर व्यवस्थित जातात, मग खट् असा आवाज, वीसेक सेकंद कुठल्यातरी स्वयंपाकघरातली भांडी, नळाचं पाणी, लांबून एका बाईची हाक, पुन्हा खट् आणि गाणं अर्ध्या ओळीत परत येतं. अप्पांना वाटलं चुकून झालं असेल. पण चुकून कोणी चिकटपट्टी लावत नाही. त्या पोराला लिंक्स नको होता, त्याने तो पुसायला घेतला आणि आईने हाक मारली म्हणून, किंवा दुसऱ्या कशाने, वीस सेकंदांत हात काढला. ती पट्टी पिवळी पडून कडक झाली होती. मी ती नखाने सोलून काढून टाकली.